कापडी टोट बॅगचा पट्टा पुन्हा पुन्हा उसवतो? फाटलेली जागा आधी नीट बघा

घरी शिवलेली पहिली टोट बॅग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी दगा देते: पट्टा जिथे पिशवीच्या तोंडाला जोडलेला असतो तिथे. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चार नारळ, दोन किलो कांदे, मयड्याच्या केळ्यांची एक फणी आणि वर भाजीच्या दोन जुड्या घेतल्या की पिशवीत सहा किलो सहज भरतात. घरी पोचेपर्यंत एका पट्ट्याचं टोक लोंबायला लागतं. मग त्याच जागी जाड धाग्याने चार-पाच वेळा मागेपुढे टीप मारली जाते, आणि पुढच्या महिन्यात पट्ट्यासकट कापडाचा तुकडाच उपटून हातात येतो.

दोष धाग्याला दिला जातो. प्रत्यक्षात अशा पिशव्यांमध्ये धागा क्वचितच गुन्हेगार असतो. भार कापडाच्या ज्या एका इंचावर येऊन थांबतो, ती जागाच कमजोर ठेवलेली असते. आता १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक कॅरीबॅगांना ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे कापडी पिशवीवर रोजच्या बाजाराचा पूर्ण भार पडतो, आणि ही जागा नीट शिवणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

उसवण्याआधी पाहणी

जुने टाके कापून टाकायची घाई करू नका. पिशवी उजेडात धरा, आतली बाजू बाहेर काढा आणि तुटलेल्या जागेत काय काय दिसतं ते बघा. चार वेगळ्या खुणा असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

धाग्याची टोकं तुटलेली, पण सुईची भोकं गोल आणि कापड शाबूत असेल तर धागा कमी पडला आहे. जुना सुती धागा हे नेहमीचं कारण. वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं रीळ असेल तर हातभर धागा दोन्ही मुठींत धरून हिसका द्या. पटकन तुटला तर तो बटण लावायलाही वापरू नका. पिशवीला पॉलिस्टर धागाच हवा. रिळावर टिकीट १२० असेल तर तो ब्लाउज-सदऱ्याचा नेहमीचा धागा, टिकीट ८० त्याहून जाड. आकडा जितका लहान तितका धागा जाड, हे उलटं गणित लक्षात ठेवा. बाजारहाटाच्या पिशवीला टिकीट ८० चांगला. तो मिळाला नाही तर १२० नेही काम भागतं, फक्त जोडणी नीट हवी.

धागा अखंड आहे, पण टीप एका टोकाकडून सरसर सुटत आली आहे, असं दिसलं तर टोक बांधलेलं नव्हतं. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे घ्यायचे राहिले. जुन्या काळ्या मशिनींपैकी काहींना उलट्या टाक्याची सोय नसते. तिथे टीप संपल्यावर सुई वर घ्या, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचला, कापड अर्धा इंच स्वतःकडे ओढा आणि त्याच रेषेवर पुन्हा पुढे शिवा. सुरुवातीलाही तसंच. किंवा दोन्ही धागे उलट बाजूला ओढून दुहेरी गाठ मारा.

तिसरी खूण म्हणजे टाके जागच्या जागी आहेत, पण त्यांच्या लगत, बरोबर खालच्या आडव्या रेषेवर, कापड फाटलं आहे. नवशिक्यांच्या पिशवीत सगळ्यांत जास्त दिसते ती हीच. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

आणि चौथी: पट्टा स्वतःच फाटला किंवा त्याच्या कडेने दोरे निघू लागले. पट्टा आडव्या धाग्यात किंवा तिरका कापला असेल तर तो ताणून लांब होतो आणि बारीक होत जातो. पट्टे नेहमी किनारीला समांतर, उभ्या धाग्यात कापायचे. कडेने दोरे निघत असतील तर आत दुमडलेली माया (कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) पाव इंचाहून कमी राहिली आहे. तिथे नुसती पुन्हा टीप मारून चालणार नाही. पट्टा नवाच करा.

कापड फाटतं ते नेमकं कसं

पट्टा वर ओढतो आणि पिशवीतला भार खाली ओढतो. ही ओढ पट्ट्याच्या रुंदीएवढ्या कापडावर येते, म्हणजे साधारण एक इंचातल्या उभ्या धाग्यांवर. पट्टा जोडताना खालच्या टोकाला जी आडवी टीप मारतो, ती याच धाग्यांना काटकोनात छेदते. दोन मिलिमीटरचा बारीक टाका असेल तर एका इंचात बारा-तेरा भोकं पडतात. मजबुतीसाठी म्हणून त्याच रेषेवरून तीनदा गेलात तर जवळजवळ चाळीस. वहीचं पान नीट फाटावं म्हणून त्यावर भोकांची रेघ पाडलेली असते ना, तशीच रेघ आपण पिशवीवर पाडून ठेवतो.

त्यात भर म्हणजे ही आडवी टीप बहुतेक वेळा तोंडाच्या दुमडीच्या खाली उतरलेली असते. दुमडीत कापड दुहेरी-तिहेरी असतं, तिच्या खाली एकेरी. सगळा भार नेमका एकेरी कापडात पडलेल्या भोकांच्या रेषेवर येतो. पिशवी दोन्ही पट्ट्यांनी नीट धरली तर सहा किलो चार ठिकाणी वाटले जातात, प्रत्येकी दीड किलो. पण एकच पट्टा खांद्यावर अडकवून बसमधून उतरलात, तर दोनच टोकांवर सगळं वजन आणि वर हिसका. क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढ बसते.

यातून तीन गोष्टी निघतात. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवा. ज्या मशिनीवर आकडे मिलिमीटरमध्ये नसतात तिथे चिंधीवर एक इंच शिवून टाके मोजा, सात-आठ आले की बरोबर. दुसरं, पट्ट्याची पूर्ण जोडणी दुमडीच्या आत बसली पाहिजे, म्हणजे दुमड निदान दीड इंच खोल हवी. अर्ध्या-पाऊण इंचाची नाजूक दुमड हातरुमालाला शोभते, बाजाराच्या पिशवीला ती कामाची नाही. तिसरं, एकाच रेषेवर दोनदापेक्षा जास्त टीप नको. मजबुती हवी असेल तर टिपा उभ्या दिशेने लांबवा, आडव्या वाढवू नका.

मापं, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल

पुढचे सगळे आकडे या मापाच्या पिशवीचे आहेत. पुढचा आणि मागचा भाग, प्रत्येकी १६ इंच रुंद आणि १८ इंच उंच. बाजू आणि तळ यांना अर्धा इंच माया. तोंडाला दोन इंच: आधी अर्धा इंच आत, मग दीड इंच. तळाला चार इंचाची खोली दिली की तयार पिशवी तोंडाशी १५ इंच रुंद, साडेतेरा इंच उंच, आणि तळ ११ बाय ४ इंच. कापडाचे पट्टे असतील तर ४ इंच रुंद आणि २८ इंच लांब असे दोन. चौपदरी दुमडून ते एक इंचाचे होतात.

४४ इंच पन्ह्याच्या कापडात हे सगळं २८ इंच लांबीत बसतं. तरी एक मीटर घ्या, कारण कापड आटतं. कोरा सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात शेकडा पाच ते दहा आटू शकतो, आणि न धुता शिवलेली पिशवी धुतल्यावर पट्ट्याच्या जोडापाशी चुण्या पडतात. पट्टा एका प्रमाणात आटतो, कापड दुसऱ्या, आणि टीप दोघांच्या मध्ये ताणली जाते. हे धागा तुटण्याचं लपलेलं कारण आहे. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. निवारीची पट्टी वापरणार असाल तर तीही भिजवा. तिला लोक हमखास विसरतात.

पहिल्या पिशवीला २२० ते २८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कॅनव्हास किंवा तेवढंच ड्रिल योग्य. ३४० जीएसएमच्या पुढे घरगुती मशीन पट्ट्याच्या जोडावर अडकतं. मांजरपाट स्वस्त पडतो आणि शिवायला सोपा, पण बाजाराच्या पिशवीला तो दुहेरी घ्यावा लागतो. कुणबी साडीच्या लाल चौकटींचं कापड पिशवीवर फार सुरेख दिसतं. मात्र ते पातळ आहे, म्हणून अस्तराला किंवा बाहेरच्या खिशाला वापरा, भार पेलायला नको. आणि आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. रंग उतरत असेल तर वेगळं धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात क्रीम रंगाचा कॅनव्हास गुलाबी होईल.

जोडणी: कापडाच्या पट्ट्यासाठी

बाजू आणि तळ शिवून झाल्यावर तोंडाची दुमड इस्त्रीने घालून घ्या, पण अजून टीप नको. पट्ट्याच्या जागा खडूने आखा. बाजूच्या शिवणीपासून पट्ट्याची बाहेरची कड चार इंचावर, दोन टोकांमध्ये पाच इंच मोकळे. पट्टे बाजूंच्या फार जवळ गेले तर तोंड मध्ये लोंबतं, फार आत आले तर तोंड आवळतं आणि नारळ आत घालताना वैताग येतो. पुढच्या आणि मागच्या खुणा एकमेकांवर धरून तपासा.

पट्ट्याचं टोक दुमडीखाली दीड इंच सरकवायचं, बाकीचा पट्टा खाली लोंबता ठेवायचा. दुमडीच्या खालच्या कडेपासून इंचाच्या आठव्या हिश्श्यावर पिशवीभर गोल टीप मारायची. मग पट्टा वर उचलून दुमडीवर टेकवायचा आणि चौकट-फुली घालायची.

आता थर मोजा. पिशवीचा एक, पट्ट्याच्या शेपटीचे चार, दुमडीचे दोन, वर घेतलेल्या पट्ट्याचे चार. एकूण अकरा. इथेच सुया तुटतात. उपाय पट्टा शिवण्याआधीच करायचा: पट्टा चौपदरी दुमडण्यापूर्वी दोन्ही टोकांना, शेवटच्या दीड इंचात, आत जाणारी दोन्ही बाजूंची एकेक इंचाची पट्टी कापून टाका. मग शेपटीत दोनच पदर राहतात, त्यांच्या कोऱ्या कडा दुमडीखाली झाकल्या जातात, आणि अकराचे नऊ थर होतात. २५० जीएसएमच्या आसपासच्या कापडात नऊ थर हाताने चाक फिरवून शिवता येतात.

चौकट-फुली म्हणजे एक इंच रुंद, सव्वा इंच उंच चौकट आणि आत फुली. खडूने आधी आखाच, डोळ्याच्या अंदाजाने ती वाकडी होते. खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा. वर, वरच्या कडेने उजवीकडे, खाली, खालच्या कडेने परत डावीकडे, म्हणजे चौकट पूर्ण. तिथून तिरके वरच्या उजव्या कोपऱ्यात. वरच्या कडेवरून दुसऱ्यांदा डावीकडे. तिथून तिरके खालच्या उजव्या कोपऱ्यात आणि संपवा. धागा न तोडता सगळं होतं, आणि खालच्या कडेवर एकदाच टीप पडते, वरच्यावर दोनदा. दुसऱ्यांदा जायची पाळी येते ती वरच्या कडेवर, हेच आपल्याला हवं आहे, कारण भार खालच्या कडेवर येतो. प्रत्येक कोपऱ्यावर सुई कापडात खोल असताना पाय उचलून कापड वळवा. सुई वर असताना वळवलं तर टाका सुटतो.

चौकटीची खालची कड दुमडीच्या टिपेपासून निदान आठवा हिस्सा इंच वर राहू द्या. दोन्ही रेषा एकमेकींवर आल्या तर भोकांची पुन्हा तीच कथा.

याहून पक्की जोडणी: निवार तळापर्यंत

बाजाराच्या पिशवीसाठी आमचा कौल या पद्धतीला. इथे पट्ट्याला पिशवीवर टोकच नसतं. एक इंची सुती निवार पिशवीच्या तळापासून वर येते, तोंडाच्या वर कमान करते आणि पुन्हा तळापर्यंत उतरते. दोन्ही टोकं तळाच्या शिवणीत अडकतात. भार एका चौकटीवर न येता बारा-तेरा इंच लांबीच्या उभ्या टिपांवर पसरतो, शिवाय निवार तळाला खालून उचलून धरते. शिवायलाही ही सोपी, कारण निवार एकच थर असते.

एका बाजूला ५६ इंच निवार लागते: तळापासून तोंडापर्यंत १६, दोनदा म्हणजे ३२, आणि कमानीला २४. दोन बाजूंचे ११२ इंच. आटण्याची सोय धरून सव्वातीन मीटर घ्या. टोकं कापल्यावर लगेच टीप मारून ठेवा, निवार झपाट्याने उसवते.

क्रम महत्त्वाचा आहे. भाग सुटे आणि सपाट असतानाच निवार शिवा. बाजूच्या कोऱ्या कडेपासून साडेचार इंचावर निवारीची बाहेरची कड येईल अशी आखणी करा, अर्धा इंच शिवणीत जाईल आणि चार उरतील. निवारीच्या दोन्ही कडांनी, कडेपासून इंचाच्या आठव्या हिश्श्यावर, तळाकडून वर शिवत जा आणि वरच्या कोऱ्या कडेपासून चार इंच अलीकडे थांबा. का, तर पुढे तोंडाची दुमड घालताना ती निवारीच्या मागून आत वळवायची असते. तिथपर्यंत निवार शिवून टाकली तर दुमड घालताच येत नाही, आणि मग उसवत बसावं लागतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो. बाजू शिवा, तळ शिवा, दुमड घालून गोल टीप मारा, मग निवार दुमडीवर पसरून उरलेल्या दोन्ही कडा वरपर्यंत शिवा आणि दुमडीवर चौकट-फुली घाला. सगळ्यांत जाड जागी चारच थर येतात. निवार गाठीसारखी पिळली गेली नाही ना, हे तळाची शिवण मारण्याआधी बघा.

जाड जागी मशीन अडतं तेव्हा

सुई मोडते. याचं मूळ बहुतेक वेळा कापड ओढण्यात असतं. जाड जागी कापड सरकत नाही म्हणून मागून ओढलं की सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. कॅनव्हासला १६ नंबरची सुई लावा, पातळ ड्रिलला १४ चालेल, चौकटीच्या नऊ थरांना १८. ब्लाउजची ११ नंबरची सुई मशीनमध्ये तशीच ठेवून कॅनव्हास शिवायला घेणं म्हणजे सुई मोडायची खात्री. पायडलवरून पाय काढा आणि चाक हाताने फिरवा, एकेक टाका. दर पिशवीला नवी सुई लावायला हरकत नाही. बोथट सुई धाग्यांमधून वाट न काढता ते तोडते, आणि कापड फाटायला तिथूनच सुरुवात होते.

पाय तिरका होऊन मशीन जागच्या जागी टाके घालतं, हा दुसरा ठरलेला त्रास. पायाचा पुढचा भाग जाड दुमडीवर चढतो, मागचा खालीच राहतो, आणि दात्यांना कापड पकडता येत नाही. त्याच कापडाची चिंधी दोन-तीन वेळा दुमडून पायाच्या मागच्या भागाखाली, जाड जागेइतक्याच उंचीची ठेवा. पाय सपाट झाला की टाका सरळ पडतो. दुमड शिवण्याआधी त्यावर जाड फडकं ठेवून हातोडीने ठोकली तर थर दबतात. चपलांच्या कारागिरांची ही रीत पिशवीलाही लागू पडते. खडूच्या रेषेवर कोरडा साबण घासला तर सुई सहज घुसते.

टाके मध्येच सुटत असतील तर आधी सुई बदला, मग ती नीट बसली आहे का बघा. सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि विरुद्ध बाजूला लांब खाच. धागा खाचेच्या बाजूने आत जाऊन चपट्या बाजूने बाहेर पडला पाहिजे. सुई वरपर्यंत टेकलेली हवी. अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी खालचा हुक धाग्याचा फास चुकवतो.

कापडाखाली धाग्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात, पण चूक वरच्या धाग्याची असते. पाय खाली असताना धागा ओवला तर तो ताणाच्या दोन चकत्यांमध्ये शिरत नाही, वरच राहतो. पाय वर करून, सुई वर करून, धागा पूर्ण नव्याने ओवा. पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही धाग्यांची टोकं मागे बोटाने दाबून धरा. तरीही खाली सैल फास दिसत असतील तर वरचा ताण अर्ध्या आकड्याने वाढवा आणि त्याच कापडाच्या दोन थरांवर तपासा. गाठ दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे. वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. ब्लाउजसाठी लावलेला ताण कॅनव्हासला कधीच बरोबर बसत नाही. तेव्हा चिंधीवर चाचणी घेतल्याशिवाय पिशवीवर जाऊ नका.

जून ते सप्टेंबर

गोव्याच्या पावसाळ्यात निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतात, हवेच्या असतात. मशीनमध्ये लावून ठेवलेली सुई काही आठवड्यांत गंजते. तिच्यावरचा खरखरीतपणा डोळ्याला दिसत नाही, पण धागा त्याला घासून पिंजतो आणि दर थोड्या वेळाने तुटतो. सुई नखावरून फिरवून बघा, अडखळली तर टाका. काम नसेल तेव्हा सुई काढून ठेवा. सुटी पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. समुद्राजवळच्या घरात हे जास्तच जरुरीचं.

पायाच्या मशीनचा चामड्याचा पट्टा दमट हवेत सैल पडतो. जाड जागी चाक फिरायचं थांबतं आणि मशीन बिघडलं असं वाटतं. पट्टा पाव इंच कापून आकडी पुन्हा बसवा. एकदम जास्त कापू नका, पावसाळा सरला की तो पुन्हा आवळतो. तेल दिल्यावर चिंधीवर दोन मिनिटं मशीन चालवा. कॅनव्हासवर पडलेला तेलाचा डाग लवकर निघत नाही.

कोऱ्या कापडातली खळ दमटपणात बुरशी धरते. म्हणून धुणं हे आटण्यासाठी जितकं गरजेचं, तितकंच बुरशीसाठी. वाळलं आहे असं वाटलं तरी इस्त्री फिरवा. वाफ निघाली तर अजून कापू नका. मासळीसाठी वेगळी, बिनअस्तराची पिशवी ठेवा. अस्तरात अडकलेला ओलावा वास धरतो आणि आतून टिपा कुजवतो.

फाटलेली पिशवी वाचवायची असेल तर

भोक पडलेल्या जागी थेट पुन्हा शिवू नका. त्या पट्ट्याची जोडणी पूर्ण उसवा, सुटे दोरे कापा. आतल्या बाजूने नव्या कापडाची तीन इंच उंच पट्टी, तोंडाच्या सगळ्या घेरात फिरवा. घेर ३० इंच, अधिक शिवणीला एक इंच. पट्टीची खालची कड आत दुमडून, वरची कड तोंडाच्या कडेशी जुळवून दोन्हीकडे टीप मारा. फाटलेली जागा या पट्टीवर रफू करून बसवा. मग पट्टा जुन्या भोकांपासून अर्धा इंच बाजूला सरकवून नव्याने जोडा, आणि समोरचा पट्टाही तेवढाच सरकवा, नाहीतर पिशवी तिरकी लटकते. घेर पूर्ण न घेता फक्त तीन इंचाचं ठिगळ लावलं तरी चालतं, पण मग ते चौकटीच्या चारही बाजूंना निदान पाऊण इंच बाहेर आलेलं हवं. ठिगळाची कड आणि चौकटीची कड एका रेषेत आली तर ते लावून उपयोग नाही.

कोपरे आणि बाजू, थोडक्यात

तळाचे कोपरे वेगवेगळे आले तर बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर बसवलेली नव्हती. टोक त्रिकोणी करा, दोन्ही शिवणी टाचणीने नेमक्या जुळवा, शिवणीला काटकोनात चार इंचाची रेषा आखा, दोन इंच एकीकडे, दोन इंच दुसरीकडे. बाजू शिवताना दोन्ही वेळा तोंडाकडून तळाकडे जा. मशीन वरचा थर थोडा पुढे ढकलतं. फरक तळाशी पडला तर कापून टाकता येतो, तोंडाशी पडला तर दिसत राहतो. कोऱ्या कडांना झिगझॅग नसेल तर मगजी लावा.

बाजारात नेण्याआधी

एक लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या, झाकणं घट्ट करून, पिशवीत ठेवा. म्हणजे सहा किलो. एकच पट्टा मजबूत खुंटीला अडकवून रात्रभर ठेवा, सकाळी दुसरा. मग हातात धरून दहा वेळा हलका हिसका द्या. रिकामी केल्यावर चौकटीची खालची कड उजेडासमोर धरा. भोकं गोल असतील तर जोडणी बसली. उभी लांबट झाली असतील तर कापड सरकायला लागलं आहे: आताच आतून ठिगळ द्या, त्या रेषेवर आणखी टीप नको. भोकं गोल पण टिपेचा धागा वर सैल दिसत असेल, तर ताण पुन्हा लावून तेवढी एक चौकट उसवून परत घाला.